सम्राज्ञी आयरीनने एकटीने पाच वर्षे राज्य कशाच्या बळावर केले?

प्रश्न:
इ.स. ७६९ मध्ये अथेन्सहून सून म्हणून बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात आलेली आयरीन ७९७ ते ८०२ या काळात स्वतःच्याच नावाने सिंहासनावर बसली. पवित्र प्रतिमांची पूजा तिने पुन्हा सुरू केली, हेच तिच्या सत्तेचे मूळ म्हणून सांगितले जाते. केवळ धर्माच्या बळावर एवढे साधते का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

प्रतिसाद १:
माझ्या मते खरी मेख सैन्यात आहे. ७८० मध्ये पती लिओ चौथा वारला तेव्हा मुलगा कॉन्स्टँटाइन सहावा अवघा नऊ वर्षांचा होता, त्यामुळे कारभार तिच्याकडे आला. ७८६ मध्ये तिने राजधानीतील पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये प्रतिमापूजेला मान्यता देण्यासाठी धर्मपरिषद भरवली, तेव्हा प्रतिमांना विरोध असलेले राजधानीतील सैनिक तलवारी उपसून आत शिरले आणि परिषद उधळली गेली. त्यांच्याशी वाद घालत न बसता तिने अरबांवरील मोहिमेचे निमित्त करून ती पथके आशियात धाडली आणि तेथे ती बरखास्त करून टाकली. पुढच्याच वर्षी निकिया येथे परिषद निर्विघ्न पार पडली.

प्रतिसाद २:
सहमत आहे, परंतु याच सैन्याने तिला एकदा खाली खेचले होते, हेही सांगायला हवे. ७९० मध्ये आर्मेनियाक प्रांताच्या फौजेने तिच्या बाजूने शपथ घेण्यास नकार दिला आणि सत्ता मुलाकडे गेली. मुलाने मात्र ७९२ मध्ये तिला परत बोलावले, शेजारच्या बल्गार लोकांकडून मार खाल्ला आणि ज्या सेनापतीच्या जोरावर तो उभा होता, त्याचेच डोळे काढवले. चिडून उठलेली आर्मेनियाक फौजही त्याने चिरडली. म्हणूनच ७९७ मध्ये, ज्या दालनात तो जन्मला तेथेच आईच्या माणसांनी त्याचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यासाठी धावून येणारे कोणी उरले नव्हते. या कृत्याचे समर्थन मला कधीही करता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. मुलाचा वाटा माझ्या लक्षातच आला नव्हता. तिने स्वतःला ‘सम्राट’ म्हणवून घेतले, हे खरे का?

प्रतिसाद १:
काही फर्मानांत ‘बासिलेउस’ हे पुल्लिंगी बिरुद आढळते. नाण्यांवर मात्र ‘बासिलिसा’, म्हणजे सम्राज्ञी, असेच आहे. तिचे सोन्याचे नाणे हातात घेतले तर दोन्ही बाजूंना तिचाच मुकुटधारी चेहरा दिसतो, कारण दुसऱ्या बाजूवर कोरण्यासाठी सहराजा उरलाच नव्हता. वारस नाही, म्हणून दरबारी आपापले उमेदवार पुढे करू लागले. ८०१ मध्ये तिने करांत मोठी सूट दिली, तरी ८०२ च्या ऑक्टोबरअखेर तिच्याच अर्थखात्याचा प्रमुख निकेफोरोस याने तिला पदच्युत केले. पुढच्या वर्षी लेस्बॉस बेटावर हद्दपारीतच ती वारली.