चार तासांची लिथोटॉमी: पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावून भागेल का?

भूलवाला_गडचिरोली
नमस्कार मंडळी. शिबिरात ओटीपोटाची एक लांबणारी केस आहे. लिथोटॉमी (पेशंट उताणा, दोन्ही पाय वर आधारावर), डोकं खाली, चार तास तरी जातील. पोटरीवर लावून स्नायूतला ऑक्सिजन बघायचं निअर-इन्फ्रारेड मशीन आमच्याकडे नाही. अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून पायाच्या रक्तपुरवठ्यावर लक्ष ठेवता येईल का? स्टिरप (पाय ठेवायचे आधार) जुने, पन्हाळीवाले. पोटरी त्यातच टेकते.

वर्धेकर_भूल
लावा, पण 98 दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ऑक्सिमीटर धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतो, पोटरीच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते नाही. कंपार्टमेंटमधला (पोटरीच्या स्नायूंच्या बंद कप्प्यातला) दाब केशवाहिन्या बंद करण्याइतका वाढला तरी मोठ्या धमनीत नाडी चालूच राहते. ऑक्सिमीटरवरची नाडीची लहर गेली तर मात्र लगेच बघा. थंड पाय, सुटलेला प्रोब की खरोखर कमी दाब, ते शोधा.

त्यापेक्षा मोजपट्टी कामाची. हृदयाच्या पातळीपासून घोटा जितका वर, तितक्या दर 10 सेंमीला साधारण 7.5 मिमी (पारा) रक्तदाब वजा करा. दंडावर मीन (सरासरी) बीपी 65 आणि घोटा 40 सेंमी वर, तर घोट्याला उरले 35! म्हणून अशा केसमध्ये 65 वर समाधान मानायचं नाही, आणि टेबल जेवढं कमी तिरकं चालेल तेवढंच ठेवायचं.

निअर-इन्फ्रारेड मशीन कुठून मिळालंच तर पाय वर घेण्याआधीचं रीडिंग लिहून ठेवा. सुटा आकडा फारसं सांगत नाही; चरबी जाड असेल तर तो फसवतोही. दुसरा सेन्सर हातावर लावा. दोन्ही उतरले तर बीपी किंवा रक्तस्राव बघा, फक्त पाय उतरला तर पोझिशन.

सर्जन_यवतमाळ
पन्हाळीवाले स्टिरप लांब केसला नकोच. पायाचं सगळं वजन पोटरीवर येतं. बुटासारखे मागवा, वजन टाचेवर घ्या. तेही नसतील तर पोटाचा भाग पाय सरळ ठेवून उरका आणि पाय फक्त खालच्या भागापुरते वर घ्या. असिस्टंट मांडीवर रेलतो, त्याला आधीच बजावा.

दर दोन तासांनी दोन्ही पाय एकदम, सावकाश खाली, 10 मिनिटं. घड्याळ सिस्टरकडे द्या, सर्जनकडे नको. रंगात आलेला सर्जन "अजून पाचच मिनिटं" म्हणत अर्धा तास काढतो. पाय खाली येताना बीपी पडतो, तेव्हा फ्लुइड आणि व्हॅसोप्रेसर (बीपी वाढवणारं औषध) हाताशी असू द्या.

भूलवाला_गडचिरोली
धन्यवाद सर. सिकलसेलचं काय करावं?

वर्धेकर_भूल
आपल्या भागात तपासल्याशिवाय टेबलावर घेऊच नका. सोल्युबिलिटी (सिकलसेलची झटपट चाचणी) पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) करा, कारण पहिल्या टेस्टवरून एएस (फक्त वाहक) की एसएस (प्रत्यक्ष आजार) कळत नाही. एसएस असेल तर ही केस शिबिरात नको. उन्हाळ्यात पेशंट आधीच कोरडा येतो, त्यात उपवास. सलाइन वेळेत सुरू करा.

सर्जन_यवतमाळ
ऑपरेशननंतरचं राहिलं. एपिड्युरल (पाठीच्या कण्यातून दिलेली भूल) असेल तर दुखणं लपतं. पहिले 24 तास पोटरी दर तासाला दाबून बघा, पायाची बोटं वर-खाली ताणून बघा. कडक लागली, ताणताना ओरडला, लघवी कोकसारखी झाली, तर पोटरीच्या कंपार्टमेंटमधला दाब मोजा. खास यंत्र लागत नाही: 18 नंबरची सुई, सलाइनने भरलेली नळी, आर्टीरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (धमनीतला दाब मोजायचा सेन्सर), झिरो सुईच्या पातळीवर. डायस्टोलिक (खालच्या) बीपीमधून तो दाब वजा करून 30 पेक्षा कमी उरलं तर चारही कंपार्टमेंट तिथेच उघडा. भामरागडकडचा पेशंट नागपूरला पोचेपर्यंत स्नायू गेलेला असतो.