अडुळसा नेमका काय करतो? घरात सगळ्यांनाच दिला तर चालतो का?

परसातली_जाई:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे कुंपणाला अडुळसा भरपूर आहे, शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून सासूबाईंनीच कधीकाळी लावलेला. थंडी सुरू झाली की घरात कोणी खोकलं रे खोकलं की त्या पानं तोडून काढा करतात. मोठ्यांना फरक पडतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, कफ सुटतो, रात्री झोप लागते. पण मला त्यामागचं समजून घ्यायचंय, म्हणजे त्या पानात असं काय असतं? यंदा सगळे आजारी पडलेत, सासऱ्यांना छातीत घरघर, नवऱ्याला कोरडा ठसका, माझा लेक साडेतीन वर्षांचा त्याला सर्दी-खोकला, आणि नणंद माहेरपणाला आलीये तिलाही तोच काढा चाललाय, तिला चौथा महिना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला कफ सिरपने मुलं दगावल्याचं ते प्रकरण झालं तेव्हापासून बाटलीतलं औषध लेकाला द्यायला हातच धजत नाही, घरचं झाडाचं बरं वाटतं. सगळ्यांना एकच काढा चालेल ना? प्रमाण काय ठेवायचं?

औषधनिर्माता_नाशिक:
जाईताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी नणंदेचा काढा आजच थांबवा आणि तिच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की एवढे दिवस एवढा घेतलाय. घाबरवायला म्हणत नाहीये. अडुळशाच्या पानात वासिसिन नावाचं अल्कलॉइड असतं, तेच याचं मुख्य द्रव्य, आणि ते श्वासनलिकांवर काम करतं तसंच गर्भाशयाच्या स्नायूंवरही करतं, आकुंचन आणतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालंय, ते तर बाळंतपणात उपयोगी पडेल का याच दिशेने तपासत होते. म्हणजे गरोदरपणात अडुळसा नकोच, काढा नको, रस नको, आणि ज्या सिरपच्या लेबलवर वासा किंवा अडुळसा लिहिलंय तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. दुकानात कफ पातळ करायची जी औषधं मिळतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांवर ब्रोमहेक्झिन नाहीतर ॲम्ब्रोक्सॉल लिहिलेलं दिसेल. ब्रोमहेक्झिन हे वासिसिनच्या रचनेवरून बेतलेलं औषध, १९६० च्या दशकात जर्मनीत बाजारात आलं, आणि ब्रोमहेक्झिनचं आपल्या शरीरात जे रूपांतर होतं त्यातलं एक म्हणजे ॲम्ब्रोक्सॉल. म्हणजे तुमच्या कुंपणातल्या झाडाचं नातं थेट केमिस्टच्या फडताळापर्यंत पोचतं. चिकट कफ पातळ झाला की तो खोकून बाहेर पडतो आणि मग घरघर कमी होते. पानातलं वासिसिन हवेतल्या ऑक्सिजनने थोडंथोडं बदलून वासिसिनोन होतं, ते श्वासनलिका जरा सैल करतं. पण हे सगळं सौम्य आहे बरं का, दम्याचा अटॅक आला असताना काढा करत बसू नका, तिथे इनहेलरच.

वैद्य_पाटणकडची:
वरच्या दादांनी नणंदेबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर, मीही तेच आधी लिहिणार होते.

अडुळसा आयुर्वेदात कडू आणि थंड गुणाचा मानलाय, त्यामुळे कफ-पित्ताच्या खोकल्यात, पिवळट घट्ट बेडका पडतो तिथे त्याचं काम छान दिसतं. सासऱ्यांची घरघर याच प्रकारातली वाटते, अर्थात छाती एकदा तपासून घ्या, वय झालेल्या माणसाची घरघर हृदयामुळेही असते. नवऱ्याचा कोरडा ठसका मात्र वेगळा, तिथे पाडायला कफच नाही तर अडुळसा काय पाडणार? तिथे ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्या, रात्री कोमट दुधात चमचाभर तूप द्या. आणि त्यांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे का हे नक्की बघा, काही गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो, किंवा रात्रीचं जेवण उशिरा होऊन ॲसिडिटी वर येते त्यानेही ठसका लागतो.

आता करायची पद्धत, कारण बहुतेक घरी इथेच चुकतं. अडुळशाची ताजी पानं नुसती वाटून पिळली तर रस फार थोडा येतो, पान चिवट असतं. म्हणून पुटपाक करतात. पानं धुवून कुटून त्यांचा मुठीएवढा गोळा करायचा, तो वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून बोटभर जाड ओली माती थापायची आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती लालसर झाली की बाहेर काढून, कोमट असतानाच फोडून गोळा फडक्यातून पिळायचा, हिरवा काळपट रस भरपूर निघतो. चूल नसेल तर पानं चाळणीवर मोदकासारखी वाफवा, मऊ पडली की कुटून पिळा, काम होतं. मोठ्या माणसाला दोन चमचे रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. जास्त घेतला की मळमळ, उलटी, जुलाब होतात, आणि मुळात इतका कडू आहे की जास्त घ्यायची कोणाची हिंमतही होत नाही. डायबेटीस असेल तर मधाचा हिशोब धरा, वासावलेह म्हणजे अडुळशाचं तयार चाटण, त्यात आणि सिरपमध्ये साखर चांगलीच असते.

लेकाला मी असं लांबून प्रमाण सांगणार नाही, त्याला दाखवूनच घ्या.

कोकणी_माणूस_७:
एवढं घाबरवू नका हो बायकांना. आमच्या आजीने अख्ख्या वाडीला अडुळसा पाजला, कोणाला काय झालं नाही. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, हे सगळं कंपन्यांनी पसरवलंय.

औषधनिर्माता_नाशिक:
दादा, आजीबद्दल आदर आहेच, पण ज्या द्रव्याने कफ सुटतो त्याच द्रव्याने गर्भाशय आवळतं, एक परिणाम खरा मानायचा आणि दुसरा कंपन्यांनी पसरवला म्हणायचं हे कसं जमेल? झाडात ताकद आहे म्हणूनच तर ते औषध. आणि जुन्या जाणत्या सुइणी पोटुशी बाईला काय काय द्यायचं नाही हे पक्कं ओळखून असायच्या, तेही आपल्या परंपरेतलंच ज्ञान आहे.

जाईताई, लेकाबद्दल थोडं. छिंदवाड्याच्या प्रकरणात सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं, त्याने मुलांच्या किडन्या गेल्या. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो नाहीत. त्यामागचं कारण एवढंच की लहान मुलांचा साधा खोकला आपोआप बरा होतो. म्हणजे बाटली नको म्हणून काढा, असं नाही, बहुतेक वेळा दोन्ही नको. कोमट पाणी, पातळ वरण-भात, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, रात्री अर्धा चमचा मध (वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच नाही). श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, खाणं-पिणं सोडलं किंवा ताप उतरेना तर लगेच डॉक्टर.

चाळकरी_डोंबिवली:
यात एक भर घालतो, जाईताई सासऱ्यांसाठी वाचा. अडुळसा आणि क्षय यांची जोडी फार जुनी आहे, अडुळसा असताना क्षयाच्या आणि रक्तपित्ताच्या (नाका-तोंडातून रक्त पडतं त्या) रोग्याने धीर का सोडावा अशा अर्थाचा श्लोकच आहे. आमच्या शेजारचे काका याच भरवशावर दोन-अडीच महिने अडुळसा पीत बसले, कफ सुटायचा म्हणून बरं वाटायचं, वजन मात्र उतरत गेलं. शेवटी मुलीने बेडका तपासायला नेला तर टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरे झाले, पण तोवर घरातल्या नातवालाही तपासायला लागलं. दोन आठवड्यांवर खोकला गेला, संध्याकाळी बारीक ताप, वजन कमी, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे, तिथे आधी जायचं. श्लोक लिहिला तेव्हा रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध नव्हतं हो.

परसातली_जाई:
सगळ्यांचे खरंच खूप आभार. नणंदेचा काढा बंद केला, तिच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, त्या म्हणाल्या त्रास काही नाहीये तर काळजी नको पण परत घेऊ नका आणि पोटात दुखलं किंवा अंगावरून गेलं तर लगेच या. सासूबाईंना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाईट वाटलं, पण आता त्याच शेजारणींना सांगतायत. सासऱ्यांचा खोकला आज आठवा दिवस, उद्या दवाखान्यात नेतोय. आणि हो, नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे! तीही दाखवतो. एक विचारायचं राहिलं, बाजूच्या घरी पण अडुळसा म्हणून एक झाड आहे पण त्याची पानं अरुंद आणि देठ काळपट आहेत, तोच का हा?

वैद्य_पाटणकडची:
नाही, तो बहुतेक काळा अडुळसा, त्याच कुळातला पण झाड वेगळं, यात मिसळू नका. आपल्या अडुळशाचं पान चांगलं वीतभर, दोन्ही टोकांना निमुळतं, देठावर समोरासमोर जोडीने येतं, चुरगळलं की उग्र वास येतो. फुलं पांढरी, जबडा उघडल्यासारखी, आत जांभळट रेघा. ती दिसली की खात्री झाली समजा. उन्हाळ्यासाठी पानं ठेवायची असतील तर पूर्ण वाढलेली, कीड नसलेली तोडा आणि सावलीत वाळवा, उन्हात नको, डब्यावर नाव घालून ठेवा म्हणजे घरातलं दुसरं कोणी भलतंच समजून वापरणार नाही. बीपीच्या गोळीचं मात्र आधी डॉक्टरांशी बोला, आपल्या मनाने बंद करू नका.