'लोडिंग...' वर अडकलेला डीव्हीडी प्लेयर – तुमच्या आठवणी लिहा

गोदाकाठ (नांदेड)
काल माळ्यावरून जुना प्लेयर काढला, आत्याच्या लग्नाची सीडी घातली. 'लोडिंग' आलं अन् तिथंच थांबलं. घुर्रर्र... टक... परत घुर्रर्र. दोन मिनिटांनी चित्र आलं. मांडवाच्या दारात आमचे आजोबा, दादा, फेटा सावरत उभे! दादांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली, तेवढ्यात चित्राचे चौकोन झाले अन् अडकलं. रात्रभर झोप नाही.
लहानपणी ओसरीत अख्खी गल्ली अशीच त्या डब्याकडं बघत बसायची. तुमच्याकडं काय व्हायचं?

हुरडा_परभणी
रिमोटचं बटण दाबलं की पाणी पिऊन यायचं, तवर प्लेयर जागा व्हायचा 😀 एका व्हीसीडीत ७४ नाहीतर ८० मिनिटंच मावायची, म्हणून पिक्चर दोन-तीन सीड्यांचा. दुसरी घालायची वेळ आली की लाइट जायची. भारनियमन! शेवट दुसऱ्या दिवशी.

पूर्णेची_लेक
माझ्या बाबांची कीर्तनाची सीडी अशीच गेली. पुसून बघायची राहिली, खराब झाली म्हणून फेकली आम्ही. अजून जीव जळतो. गोदाकाठदादा, तुम्ही फेकू नका.

रिपेरवाला_उदगीर
गोदाकाठभाऊ, ऐका. लग्नाची सीडी राइट केलेली असते, छापील नसते. तिच्यात रंगाचा थर असतो, त्यावरून लेझरचा उजेड कमी परततो. त्यात लेन्सवर धूळ बसली की प्लेयरला नीट दिसत नाही, तीच जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो. ती घुर्रघुर्र तीच. प्लग काढा, झाकण उघडा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स अलगद पुसा. दाबायची नाही, ती बारीक तारांवर टांगलेली असते. सीडी मधून काठाकडं सरळ पुसा, गोल फिरवू नका. गोल चरा एकाच रेघेतला डेटा सलग खातो. लागली की आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग बघा.

बिंदुसरा७
आमचा तर ट्रेच बाहेर येईना. आतला रबरी पट्टा सैल झालेला. नवा पट्टा टाकला, चालू.

हुरडा_परभणी
लेकानं ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढचा प्लेयर) आणला, तो तर चालू व्हायलाच मिनिट घेतो. कामून?

रिपेरवाला_उदगीर
तो कॉम्प्युटरच आहे हो. आधी स्वतःचं सॉफ्टवेअर उठवतो, मग डिस्कचं कुलूप (कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं) उघडतो, कधी मेनूसाठी जावा नावाच्या कॉम्प्युटर भाषेतला प्रोग्राम चालवतो. खराब नाही तो.

सासर_वसमत
पूर्णेची_लेक, तुम्ही पूर्णा गावच्या का? माझी नणंद तिथंच दिलेली, स्टेशनजवळ.

पूर्णेची_लेक
अगं बाई! कोणत्या गल्लीत? मेसेज कर.

गोदाकाठ (नांदेड)
उदगीरकर, तुमचे पाय धरतो. लेन्स पुसली, सीडी पटकन लागली. मांडवापासून पंगतीपर्यंत कॉपी झाली, पुढचं येत नाही. पंगतीत दादा वाढायला आलेत अन् आईला म्हणतात, "सूनबाई, जेवलीस का?" आई तेवढंच लावायला सांगते, सकाळपासून चौथ्यांदा.

सासर_वसमत
ताई, मेसेज केलाय, बघा.