मदत हवी आहे: पॉइंट टू टूच्या (.२२ बोअरच्या) गोळ्या मिळेनात, मिळाल्या तर परवडेनात. हौशी नेमबाजाने काय करावं?

नमस्कार मंडळी,

इथे नेमबाजी करणारे किंवा ज्यांची पोरं करतात असे बरेच जण आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारतोय. मी पुण्यात असतो, आयटीत नोकरी, पंचेचाळिशी उलटलीये, मेडलबिडलची काही स्वप्नं नाहीत. रविवारी सकाळी रेंजवर जायचं, पन्नास मीटरला प्रोन म्हणजे मॅटवर पालथं पडून साठ गोळ्या मारायच्या, नंतर चार टाळकी जमवून चहा-पोहे खायचे आणि घरी यायचं, एवढाच आपला छंद. स्वतःची रायफल नाही, लायसन्स नाही, क्लबची एक जुनी अ‍ॅन्शुट्झ आहे ती आम्ही आळीपाळीने वापरतो आणि गोळ्याही क्लबच देतो, त्या तिथेच वापरायच्या, घरी न्यायचा प्रश्नच नाही.

तर झालंय असं की गेल्या काही महिन्यांपासून गोळ्यांची बोंब आहे. आधी मागाल तेवढी खोकी मिळायची, मग माणशी एक खोकं म्हणजे पन्नास झालं, आता सांगतात की ज्यांची राज्य स्पर्धेची एंट्री आहे त्यांना आधी आणि उरल्या तर तुम्हाला. उरत काही नाही हे वेगळं सांगायला नको. आणि भाव! दर नवीन खेपेला रेट वाढलेलाच असतो, विचारलं तर "वरूनच वाढलाय" एवढंच उत्तर. रविवारचा खर्च बायकोला सांगायची सोय राहिली नाहीये.

कारणं मला साधारण माहिती आहेत, त्यावर वाद नको. मॅचला चालेल अशी पॉइंट टू टू आपल्याकडे बाहेरूनच येते, इंग्लंडची इली, जर्मनीत बनणाऱ्या लापुआ, एसके आणि आरडब्ल्यूएस. २०२२ ला युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून युरोपातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांवर तोफगोळ्यांचं प्रचंड काम येऊन पडलंय, पावडरला लागणारं नायट्रोसेल्युलोज सगळ्यांना एकाच वेळी हवंय, आमच्या गोळीत पावडर चिमूटभरच असते पण ती येते त्याच बाजारातून. वर रुपया. २०२२ मध्ये युरो ऐंशीच्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभराच्या पुढे गेला, म्हणजे तिकडे भाव एक पैसा वाढला नसता तरी इकडे आपला खिसा कापला गेलाच असता.

माझे प्रश्न असे आहेत. ड्राय फायर करून म्हणजे गोळी न मारता नुसता ट्रिगर दाबून सराव टिकवता येतो का, आणि रिमफायर (म्हणजे आमची पॉइंट टू टू) रायफल रिकामी चालवली की खराब होते म्हणतात ते कितपत खरं? क्लबच्या कपाटात चार-पाच वर्षांपूर्वीच्या वेगवेगळ्या लॉटची (कारखान्यातल्या खेपांची) फुटकळ खोकी पडून आहेत, ती वापरावीत का? एअर रायफलकडे वळणं हाच शहाणपणा का? आणि एक ओळखीचा लायसन्सधारक म्हणतोय की माझ्या कोट्यातल्या थोड्या तुला देतो, रेंजवर घेऊन जा, तर ते चालतं का?

जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. "छंद बदला" हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो परत नको.

बालेवाडीकर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. अजिबात नाही. आर्म्स अ‍ॅक्टखाली नुसती गोळी जवळ बाळगायलाही लायसन्स लागतं, बंदूक असो वा नसो, आणि त्याच्या लायसन्सवरच्या गोळ्या तुम्हाला दिल्या तर तोही अडकतो आणि तुम्हीही. मैत्री राहूद्या बाजूला. यावरून आठवलं, रेंजवरून आलात की किटबॅगचे सगळे कप्पे झटकून बघत जा, जॅकेटच्या खिशातसुद्धा, एखादी न वाजलेली गोळी तळाशी राहते आणि पुढच्या महिन्यात तीच बॅग घेऊन तुम्ही लोहगाव एअरपोर्टला स्कॅनरपुढे उभे असता. असे किस्से कमी नाहीत.

आता ड्राय फायर. रिमफायरमध्ये पिन गोळीच्या कडेवर मारते, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असेल तर ती थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि कालांतराने तिथे खाच पडते, मग केस (गोळीची पितळी टोपी) अडकायला लागतात. म्हणून पूर्ण रिकामी कधीच नाही. वाजलेली केस आत घालायची, एकदा ट्रिगर मारला की थोडी फिरवायची म्हणजे पिन नव्या जागी पडेल, कड सगळीकडून चेपली की फेकायची आणि दुसरी घ्यायची. मात्र केस घालण्याआधी ती खरंच वाजलेली आहे हे डोळ्यांनी बघायचं आणि हे सगळं फायरिंग लाइनवर, नळी टार्गेटकडे, बाकीच्यांना सांगूनच. क्लबची रायफल आहे म्हणजे आर्मररला (हत्यारं सांभाळणाऱ्याला) विचारल्याशिवाय तेही नाही.

सराव टिकतो का? टिकतो, नव्हे सुधारतो. प्रोनमध्ये सगळा खेळ पोझिशनचा आहे. स्लिंग (हाताला बांधायचा रायफलीचा पट्टा) घट्ट, डावं कोपर जागेवर, आणि मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, उघडल्यावर डायऑप्टरमध्ये (मागच्या भोकाच्या साइटमध्ये) काळा गोल मधोमध आहे का बघायचं. नसेल तर हाताने रायफल ओढायची नाही, कंबर सरकवायची. याला एक गोळी लागत नाही आणि आपले रविवारचे लोक नेमकं हेच करत नाहीत, सरळ खोकं फोडतात आणि सुरू.

माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी सध्या दहा ड्राय आणि एक लाइव्ह असं करायला लावतो. ती एक मारली की गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या मॉनिटरकडे बघायच्या आधी वहीत लिहायचं की कुठे गेली असं वाटतंय, "तीन वाजता, नऊ पूर्णांक आठ" असं (घड्याळाप्रमाणे उजवीकडे आणि गुण ९.८), आणि मग बघायचं. अंदाज आणि मॉनिटर जुळायला लागले की समजा वीस गोळ्यांत साठचं काम झालं. साइटर्सवर म्हणजे मॅचआधी नेम जुळवायच्या गोळ्यांवर तर लोक अक्षरशः पैसे जाळतात. मॅचमध्ये पंधरा मिनिटं मिळतात म्हणून पंधरा मिनिटं मारतच राहायचं असा काही नियम नाही. रेंजवरचे वाऱ्याचे झेंडे बघा, वारा ठरेपर्यंत थांबा.

नेमबाजाची आई:

दादा, राग मानू नका पण मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझी मुलगी ज्युनियरला आहे, थ्री पोझिशन. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, प्रत्येकी वीस, म्हणजे एक मॅच साठ गोळ्यांची, आणि साइटर वेगळे. आठवड्यातून चार दिवस सराव. आमच्याकडे गोळ्यांचा हिशोब घरातल्या किराण्यासारखा चालतो, महिन्याच्या सुरुवातीला खोकी मोजून ठेवते आणि वीस तारखेपासून धाकधूक. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटला ब्राँझ आणलं तेव्हा क्लबात चौकशी करणाऱ्या पालकांची रीघ लागली होती, छान वाटलं, पण गोळ्यांचं खोकं तेवढंच आणि हात दुप्पट झाले. त्यामुळे एंट्रीवाल्यांना आधी हे मला तरी बरोबर वाटतं. तुमचा एक रविवार चुकला तर काय होतं, तिची निवड चुकली तर वर्ष जातं.

रंकाळ्याचा रांगडा:

ताई तुमचं पटतंय, पण एक सांगू का, क्लब चालतो कुणाच्या जिवावर? ह्या रविवारवाल्यांच्या फीवरच की. त्यांना दारातच अडवलं तर लाइट बिल कोण भरणार. आमच्या कोल्हापुरात तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दुधाळीच्या रेंजवर घडल्या, तिथं सुरुवातीला काय सोन्याच्या गोळ्या होत्या होय? असंल त्यात भागवलं.

भावा, जुन्या खोक्यांचं बोलतो. गोळी कोरड्या थंड जागी असंल तर वर्षानुवर्षं टिकती, चार-पाच वर्षं काहीच नव्हं. पण पावसाळ्यात कपाटाला ओल आली असंल तर बघ. हातात घेऊन बघायचं, गोळीवर मेणाचा हलका चिकट थर असतोय, बोटाला लागतोय, तो सुकून पांढरा पडलाय का, केसवर हिरवट डाग हाईत का. डाग असले तर क्लबच्या माणसाला दे, स्वतः काही उद्योग करू नको. चांगल्या असल्या तर एका दिवशी एकच लॉट मार. दोन लॉट मिसळलास की ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) उभा फाटतोय आणि तू बसतोस आपला श्वास दुरुस्त करत.

अन् महागच मारायची असं काही न्हाई. इलीच्या टेनेक्स आणि मॅच या दोन प्रकारच्या गोळ्यांत मुख्य फरक टेस्टिंगनंतरच्या ग्रेडिंगचा हाय. तुमच्या जुन्या रायफलीला एसकेचा एखादा लॉट टेनेक्सपेक्षा बरा बसंल, नळीची आवड कुणाला कळती. क्लबानं एकदा रायफल क्लॅम्पला लावून तीन-चार लॉटचे दहा-दहाचे ग्रुप काढावेत आणि जो बसंल त्याचाच सगळ्यांचा मिळून एकदम इंडेंट (मागणी) टाकावा. सुट्टी सुट्टी खोकी मागत बसला तर कायम शेवटी राहणार.

न्यू जर्सीवाला:

इकडचं सांगतो, जरा बरं वाटेल. अमेरिकेत गोळ्या वाण्याकडे मिळतात असा भारतात समज असतो, पण इथेही कोरडे दिवस येतात. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत गोळीबाराची घटना झाली, नवीन कायदे येणार या भीतीने लोकांनी जी खरेदी केली त्यात पॉइंट टू टू गायब झाली, वॉलमार्टने दिवसाला माणशी तीन खोकी अशी मर्यादा घातली होती. मग २०२० चा कोविड, पुन्हा तेच. नाइन एमएम जी वीस सेंटच्या आसपास मिळायची ती साठ-सत्तर सेंटला गेली. तेव्हा रीलोडिंग करणारे (वाजलेल्या केस घरी पुन्हा भरणारे) पण हात चोळत बसले कारण प्रायमरच (ठिणगी पाडणारा भाग) मिळेना. आणि पॉइंट टू टूत रीलोडिंगचा मार्ग तसाही नाही, प्रायमर त्या कडेतच भरलेला असतो, एकदा वाजली की संपली.

इथल्या अनुभवातून दोन गोष्टी. टंचाईत साठेबाजी करणारेच टंचाई वाढवतात, आणि भाव उतरतात पण पूर्वीच्या जागी कधी येत नाहीत. तेव्हा "थांबू, स्वस्त होईल" या आशेवर राहू नका. सुट्टीवर येताना थोड्या घेऊन ये असं मला दर वर्षी कुणीतरी म्हणतं, परमिटशिवाय नाव काढू नका.

बालेवाडीकर:

एअर रायफलचं राहिलं होतं. ४.५ एमएम आणि वीस ज्यूलच्या आत असेल तर आपल्याकडे लायसन्स लागत नाही, मॅचच्या एअर रायफली साधारण साडेसात ज्यूलच्याच असतात, म्हणजे निवांत. छर्र्यांचा पाचशेचा डबा येतो आणि एका छर्र्याचा खर्च गोळीच्या पासंगालाही पुरत नाही. घरच्या लांब पॅसेजमध्ये मागे भक्कम ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी) लावून दहा मीटर बसत असेल तर रेंजचीही गरज नाही, फक्त त्या वेळात तिथून कुणी येणार-जाणार नाही याची खात्री हवी. पण जर्मन मॅच रायफल घ्यायची तर लाखांत जाते, सेकंड हँड बघा किंवा आधी क्लबची वापरा. आणि एक मानसिक तयारी ठेवा. दहा मीटरला उभ्याने मारायचं असतं आणि दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पन्नास मीटरला तो दहा मिलिमीटरच्या वर आहे. प्रोनमध्ये लाड झालेल्या माणसाला पहिले दोन महिने रडू येतं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. त्या ओळखीच्याला नकार कळवला, तो जरा फुगलाय पण असो. ताई, तुमचं म्हणणं लागलं थोडं, पण चूक नाही. मी क्लबात असं सुचवलंय की स्पर्धेच्या आधीचे दोन महिने हौशी लोकांनी लाइव्ह बंद ठेवायचं, ड्राय आणि एअरवर राहायचं, आणि बाकीच्या वर्षात आम्हाला महिन्याला एक खोकं पक्कं द्यायचं, लेखी. सेक्रेटरी "मीटिंगमध्ये ठेवू" म्हणालेत, म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे.

कपाट उघडलं. दोन खोक्यांवर हिरवट डाग निघाले, ती बाजूला काढून दिली. बाकी चांगली आहेत, एकाच लॉटची पाच भरली. दहा ड्राय एक लाइव्ह करून बघितलं, कंटाळा भयंकर येतो पण वहीतले अंदाज जुळायला लागलेत, विशेषतः डावीकडे जाणाऱ्या. उजवीकडच्या मात्र मला अजून कळत नाहीयेत, वाटतं मधोमध गेली आणि मॉनिटरवर तीन वाजता नऊ पूर्णांक पाच. बालेवाडीकर, हा वारा की ट्रिगरचं बोट?

बालेवाडीकर:

ड्राय मारताना पिन पडताच फोरसाइट (पुढची साइट) उजवीकडे हलते का बघा. हलत असेल तर बोट. नसेल हलत तर झेंडा बघायचा राहतोय. स्लिंगचा फोटो पण टाका.