मदत हवी आहे: लस पुढे ढकलायची आहे, पण धार्मिक कारण लिहायचं नाही

मुलगा तेरा महिन्यांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याला कावासाकी आजार (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) झाला. ताप उतरेना, डोळे लालभडक, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, दिलं (किलोमागे 2 ग्रॅम) आणि तो सावरला. हृदयाचे इको (सोनोग्राफी) आतापर्यंत चांगले आलेत.

आता पाळणाघराला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांच्या लशीचा दाखला हवाय. डॉक्टर म्हणतात, इम्युनोग्लोब्युलिननंतर 11 महिने या दोन्ही लशी द्यायच्या नाहीत. मला वाटलं होतं, लस त्याला बाधेल म्हणून. तसं नाही. या अँटीबॉडीज लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला वाढूच देत नाहीत, डोस वाया जाऊ शकतो. बाकीच्या निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेल्या) लशी वेळेवर चालू आहेत.

पाळणाघराच्या फॉर्मवर लशीतून सूट मागायचे दोन रकाने आहेत. वैद्यकीयसाठी डॉक्टरांचं पत्र, धार्मिकसाठी नुसती पालकांची सही. तिथल्या ताई म्हणाल्या, "धार्मिकवर टिक करा, आजच काम होईल." घरीही सगळे तेच म्हणतायत. पण माझा हात धजत नाही. आमच्या धर्मात लशीला मनाई नाही, आणि मला त्याला लस द्यायचीच आहे! गोवर रोखायला साधारण 95 टक्के लोकांना लस मिळालेली असावी लागते. आत्ता मिळालेल्या अँटीबॉडीज ओसरल्या की माझं बाळ त्या इतरांच्याच भरवशावर असणार. मग मीच खोटं कसं लिहू? शिवाय हा रकाना कायम राहील असंही नाही; न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये गोवराच्या साथीत शाळांसाठीची धार्मिक सूट काढून टाकली.

डॉक्टरांनी "सध्या लस देऊ नये" एवढंच लिहून दिलं, ते पत्र परत आलं. नेमकं काय लिहून घ्यावं? आणि मध्येच साथ आली तर काय करायचं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

आमच्या लेकीचंही असंच झालं होतं. पत्रात दोन्ही लशींची नावं वेगवेगळी लिहून घ्या, इम्युनोग्लोब्युलिनची तारीख आणि मात्रा घाला, आणि सूट कधी संपते ती तारीख नक्की टाका. आमचंही पत्र तारखेवाचूनच अडलं होतं. साथ आलीच तर एमएमआर लवकर देऊन ठरल्या वेळी पुन्हा देता येते, डॉक्टरांशी हे आत्ताच बोलून ठेवा. सूट असलेल्या मुलांना तेव्हा घरी ठेवायला सांगतात, गोवराच्या संपर्कानंतर 21 दिवससुद्धा. तेवढ्या रजेची सोय बघून ठेवा.