एक रुपयाचा पीकविमा गेला, पण खरी कात्री कुठे लागली?

बांधावरून
महाराष्ट्रात 2023 च्या खरिपात आलेला एक रुपयाचा पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. खरिपाला पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5. यावर माझं फार म्हणणं नाही. हप्त्याच्या गदारोळात दुसरी कात्री झाकली गेली. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे ट्रिगर, म्हणजे भरपाई लागू होण्याची कारणंच काढली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे महसूल मंडळातल्या निवडक वावरांत कापणी करून काढलेली सरासरी. ओढ्याकाठची दहा वावरं खरवडून गेली आणि मंडळात बाकीचं सोयाबीन उभं असलं, तर भरपाई शून्य. 'मंडळाची सरासरी आमच्या वावराला लावू नका' हे शेतकऱ्यांचं जुनं गाऱ्हाणं. तिजोरीला ताण आला की असं विखुरलेलं गाऱ्हाणं आधी कापलं जातं, कारण त्यामागे एकगठ्ठा मतं नसतात. 2025-26 च्याच अर्थसंकल्पात लाडकी बहिणीला 36,000 कोटी होते.

लेखाशीर्ष
सहमत नाही. 2025-26 ची राज्याची अंदाजित महसुली तूट 45,891 कोटी. कोणी ना कोणी नाराज होणारच. आणि एक रुपयात काय झालं? अर्जामागे तो भरणाऱ्या सेवा केंद्राला 40 रुपये, शेतकऱ्याच्या खिशातून रुपयापलीकडे काही नाही. मग सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही विमे निघाले. 2 टक्के भरायचे म्हटल्यावर असा अर्ज कोण करेल? लाडकी बहिणीचंही तसंच: 2024-25 ला 46,000 कोटी धरले होते, ते कमी झाले, आणि महिना 2,100 चं आश्वासन 2025-26 मध्येही 1,500 वरच राहिलं. एकगठ्ठा मतंसुद्धा ताणापुढे थांबतात.

बांधावरून
बोगस अर्ज एक रुपयाच्या हप्त्यामुळे वाढले, ट्रिगरमुळे नाही. हप्ता परत आणला तिथेच तो इलाज झाला होता. वर ट्रिगर कशाला काढले?

लेखाशीर्ष
खर्चामुळे, हे मान्य. जोखीम वाढली की विमा दर, म्हणजे कंपनीचा पूर्ण हप्ता, चढतो. केंद्र कोरडवाहूला 30 आणि बागायतीला 25 टक्के दरापर्यंतच वाटा देतं, वरचा बोजा राज्यावर. शिवाय शेतकऱ्यानं 72 तासांत नुकसानीची सूचना द्यायची, मग पंचनामा, मग वाद. उत्पन्नाचं गणित निदान तपासता येतं: उंबरठा (मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरलेलं उत्पादन) 1,000 किलो, हाती 700, म्हणजे 30 टक्के भरपाई. हेक्टरी 58,000 विमा रक्कम धरली तर 17,400.

कोरडवाहू
हे गणित प्रयोग होऊन आकडे आल्यावरचं. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात आणि सीना नदीकाठी पाणी शिरलं, तेव्हा रब्बीच्या पेरणीआधी पैसे हवे होते. जुन्या ट्रिगरमध्ये अपेक्षित उत्पादन उंबरठ्याच्या निम्म्याखाली गेलं की संभाव्य भरपाईच्या 25 टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळत. ते नव्हतं, म्हणून लोक रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. हप्त्यात वाचवलेला पैसा मदतीत गेला.

लेखाशीर्ष
तो आकडा सगळा पिकांचा नाही. 10,000 कोटी पायाभूत सुविधांचे आहेत. ट्रिगर असते तरी पूल बांधावेच लागले असते.

कोरडवाहू
पूल सोडा. कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी 8,500 च्या जोडीला रब्बीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे द्यावे लागले ना? ते विम्यातून आले नाहीत. ट्रिगर ठेवले असते तर राज्याचा हप्ता किती वाढला असता, तो आकडा कृषी विभागानं जिल्हावार मांडावा. मग या 10,000 शेजारी ठेवून बोलू.