खोक्यावर 'डावा' लिहिलंय, पण ब्रेक कॅलिपरचा हवा काढायचा निपल खाली येतोय. बसवू का?

नमस्कार मंडळी,

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलाय, बाहेरचा अजून निम्मा शिल्लक आहे. खालची गाइड पिन (कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, जिच्यावर सरकतो ती) जाम होती. पान्याने फिरवत फिरवत ओढली तेव्हा कुठे निघाली. ग्रीसची वाळून काळी खपली झालेली, रबरी बूट फाटलेलं. पिस्टनच्या रबरालाही चीर आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे कॅलिपर नवेच आणले.

आता घोळ असा. जुना कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगलाय (होस पाइपवर भार नको). 'डावा' लिहिलेल्या खोक्यातला नवा त्याच्याशेजारी धरला, तर जुन्याचा निपल वर आणि नव्याचा खाली! बोल्टची भोकं मात्र तंतोतंत जुळतात. हवा तर वर चढणार, मग खालच्या निपलातून ती निघणार कशी? खोक्याचं खरं मानू की निपलचं?

दुसरं, होस सोडल्यावर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊन एबीएसमध्ये (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरेल याची धास्ती आहे. पेडल जरा दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये काठी अडकवली की गळती थांबते म्हणे. कोणी करून पाहिलंय?

प्रतिसाद १
निपलचंच खरं. डावा-उजवा चुकून उलटे बसतातही, पण मग कितीही ब्लीड करा (निपलातून हवा काढा), हवा वरच्या कोपऱ्यात अडकून पेडल मऊच लागतं. दुसरं खोकं उघडा, बहुतेक अदलाबदल झालीय.

काठी चालते. पेडल थोडं दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं (पेडलच्या जोरावर ऑइल ढकलणारा भाग) टाकीकडचं छिद्र झाकलं जातं. ब्रेक लाइट मात्र पेटलेला राहतो, तेव्हा बॅटरीची वायर काढून ठेवा. बँजो बोल्टला (होस कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर नवेच घाला, पाइपच्या दोन्ही अंगांना एकेक. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम.

धागाकर्ता
'उजवा'वाल्याचा निपल डाव्या बाजूला बरोबर वर येतोय! छापणाऱ्याला साष्टांग नमस्कार. आता एक शेवटचं: दोनपैकी एकाच पिनेच्या टोकाला रबर आहे. ती वर की खाली?

प्रतिसाद २
गाडीगणिक वेगळं असतं. जुन्यात जिथे होती तिथेच घाला. खालची तुम्ही आधीच काढलीय ना, तिच्या टोकाला रबर बसायची खाच आहे का बघा.